खोदारामशेठचे अकरा दिवस

गाव सोडताना पोलीस चौकीत सांगून जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो चोर नव्हता. काष्टीच्या पेठेत त्याची बेकरी होती. मैदा आणायला दौंडला जायचे असो, दात दाखवायला नगरला, की नुसते कुणाच्या लग्नाला श्रीगोंद्याला, खोदारामशेठ निघण्याआधी चौकीच्या पायरीशी उभे राहत, डोक्यावरची काळी टोपी काढत आणि आत पाहून म्हणत, "हवालदारसाहेब, दौंडला चाललो. साडेचारच्या गाडीनं परत."

आत शिंदे हवालदार बहुधा वर्तमानपत्रात असत. मान वर न करता ते "हां, जावा" म्हणत. साडेचारची गाडी येऊन गेली की शेठ पुन्हा पायरीशी हजर. "आलो, साहेब." "हां." शिंद्यांच्या आधीच्या हवालदारालाही ते असेच सांगत, आणि त्याच्याही आधीच्याला. हवालदार बदलले, 'हां' तोच राहिला.

मी हायस्कुलात नवा होतो तेव्हा माझी सायकल चोरीला गेली, म्हणून चौकीत बसलो होतो. तिथे हा प्रकार पहिल्यांदा पाहिला. उंच, गोरा, पन्नाशीचा माणूस, भुवयांवर मैद्याची भुकटी. तो सांगून गेला.

"यांनी काय केलंय?" मी विचारले.

"काई न्हाई," शिंदे म्हणाले. "इराणी हायेत ते."

जणू हे एखादे कलम असावे. सायकल मिळाली नाही, शेठ मात्र मिळाले.

ओळख वाढल्यावर मी त्यांना समजावले, की परदेशी माणसाने नोंदवलेला पत्ता सोडताना पोलिसांना कळवायचे असते हे खरे, पण ते बऱ्याच दिवसांच्या गैरहजेरीसाठी. मैद्याच्या पोत्यासाठी नव्हे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मास्तर, नियम कुठं संपतो ते मला दिसत न्हाई. म्हनून मी लई आलीकडंच थांबतो."

यझदजवळच्या एका खेड्यातून ते बारा-तेराव्या वर्षी चुलत्याबरोबर आगबोटीने मुंबईला आले होते. पुण्याच्या कॅम्पात चुलत्याच्या हॉटेलात कपबशा धुतल्या, दौंडला एका भट्टीवर काम शिकले आणि लढाईच्या दिवसांत काष्टीत स्वतःची भट्टी घातली. बायको लवकर वारली, मूल झाले नाही. खोदाराम हे नाव अस्सल इराणी, पण गावाने त्यातला 'राम' तेवढा ऐकला आणि पुढे चौकशी केली नाही. मराठी ते काष्टीचीच बोलत. फारसी त्यांना भट्टी नीट पेटली नाही तरच आठवे.

त्या काळी आमच्याकडे पाव हे औषध समजले जाई. डॉक्टर दूध-पाव सांगत, तेव्हा घरातले कुणीतरी टॉवेलाखाली झाकून पाव नेई, म्हणजे गल्लीला कळे की आजारी कोण आहे. "माझा धंदाच उलटा, मास्तर," शेठ म्हणत. "मानूस बरा झाला की गिऱ्हाईक गेलं."

बेकरीत त्यांच्या हाताखाली किसन होता. त्याच्या घरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. एकदा गावातले एक वजनदार गृहस्थ चार माणसांसमोर म्हणाले, "शेठ, बाकी सगळं ठीक आहे, पण पिठात किसनचे हात कशाला?" शेठ म्हणाले, "बरं झालं बोललात. उद्यापास्नं तुमचा पाव येगळा. पहाटं चार वाजता या, तुमचं पीठ तुमी मळा, मी भाजून देतो." गृहस्थ पहाटे चारला आले नाहीत. आठ दिवसांनी त्यांच्या घरात कुणाला तरी ताप आला आणि नेहमीचा टॉवेल घेऊन त्यांचा गडी आला. शेठनी त्याला किसनच्या हातून पाव दिला, आणि वर एक खारी.

पण शेठचे खरे राज्य दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात. गावातल्या बायका घरून मैदा, पिठीसाखर, तूप घेऊन बेकरीच्या ओट्यावर बसत, नानकटाया वळून पत्र्यांवर मांडत, आणि शेठ त्या भाजून देत. शेठना देवनागरी वाचता येत नसे, म्हणून ते काळ्या पत्र्याच्या कडेला खडूने प्रत्येक घराची खूण काढत. हौसाबाईंच्या घराला विहीर, सरपंचांच्या घराला कुलूप, माझ्या घराला चष्मा. खडू मी शाळेतून पुरवी. सरकारी मालमत्तेचा मी केलेला तेवढाच अपहार. इतक्या वर्षांत एका घरची नानकटाई दुसऱ्या घरी गेली नाही.

हौसाबाई म्हणजे पेठेतल्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत मोठ्या आवाजाच्या बाई. त्या ओट्यावरून ओरडत, "शेट, माझ्या नानकटाया फुलल्या न्हाईत. भट्टीनं तूप खाल्लं का काय?"

"हौसाबाई, तूप असतंय तर भट्टीनं खाल्लं असतं," शेठ आतून म्हणत. "डालडा ती बी खात न्हाई."

बहात्तर सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी यझदहून तार आली, की आई अंथरुणाला खिळली आहे. शेठनी चाळीस वर्षांत आईला पाहिले नव्हते. "इतकी वर्सं पत्रातनं रागवली," ते म्हणाले. "आता समोर बसून रागवू दे." भट्टी किसनवर सोपवली आणि ट्रंक घेऊन ते चौकीच्या पायरीशी उभे राहिले.

"हवालदारसाहेब, इराणला चाललो. पावसाळ्यात परत."

"हां, जावा," शिंदे वर्तमानपत्रातून म्हणाले.

त्याही वेळी त्यांनी कुठे काही लिहून घेतले नाही. आम्ही ही गोष्ट महिनाभर हसत हसत एकमेकांना सांगितली. पुढे ती आमच्या अंगावर आली.

शेठ परत आले ते बरोबर पोळ्याच्या दिवशी. आदल्या दिवशी मुंबईत आगबोटीतून उतरले, रात्रीची गाडी धरली आणि पोळ्याला दुपारी काष्टीच्या स्टेशनवर. ते दुष्काळाचे साल होते. निम्मी जनावरे विकली गेली होती, उरलेली छावणीत. मिरवायला गावात चारच जोड्या होत्या आणि हलगीवाले, हार, गुलाल मात्र नेहमीच्या हिशेबाने आणलेले. त्या फाटक्या मिरवणुकीसमोर टांग्यातून शेठ उतरले. हलगी त्यांच्याकडे वळली. बैलांसाठी आणलेले झेंडूचे जाड हार त्यांच्या गळ्यात पडले. सरपंचांनी मला पुढे ढकलले. समारंभात बोलायचे म्हणजे मास्तर, हे ठरलेले होते. समारंभांविषयी माझे मत काय आहे, हे मला कुणी कधी विचारले नव्हते. मी 'मायभूमीकडून कर्मभूमीकडे' असे काहीतरी सुरू केले. शेठ माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "मास्तर, आदी शिंगं रंगवा. मग भाषान."

रात्री बेकरीत त्यांनी सांगितले, की आई गेली. तीन महिने त्यांनी तिला हाताने भरवले. आणि तिथल्या गावातली पोरे त्यांच्यामागे "हिंदी, हिंदी", म्हणजे हिंदुस्थानी, असे ओरडत फिरत. "तिथं मी हिंदी, हितं मी इराणी," ते म्हणाले. "आगबोटीवरच काय ते मला कुनी काय म्हनलं न्हाई."

त्यानंतर ते राहण्याचा परवाना वाढवून घ्यायला नगरला गेले. इतकी वर्षे हे काम चहाच्या वेळात होई. या खेपेला टेबलामागे नवे अधिकारी होते. आदल्या वर्षी पाकिस्तानशी लढाई झाली होती, आणि परदेशी म्हटले की कागद जरा सावकाश वाचायची पद्धत पडली होती. त्यांनी परवाना दिला, पण पुढल्या ऑगस्टअखेरपर्यंतच, आणि स्पष्ट सांगितले, की हा शेवटचा. इथेच राहायचे असेल तर नागरिकत्वाचा अर्ज करा, मुदत संपायच्या आत. नसेल तर जा. गावातही कुणीतरी शेठना टोमणा मारला, की तुमचा बादशहा पाकिस्तानच्या बाजूचा म्हणे. शेठ म्हणाले, "माझा? त्यानं माझ्याकडनं अर्धा पाव बी न्हेला न्हाई कधी."

पण त्या दिवशी ते माझ्याकडे आले तेव्हा टोपी हातात फिरवत होते. "मास्तर, मला हितंच मरायचं हाय. त्याला काय फॉर्म लागतो तेवढा भरा."

मी कायद्याचे पुस्तक मागवून वाचले. अर्जदाराचे चारित्र्य चांगले पाहिजे, देशातली एक भाषा आली पाहिजे, मागच्या काही वर्षांतली बरीचशी इथे काढलेली पाहिजेत. हे सगळे होते. एकच अट आडवी होती. अर्जाच्या तारखेआधीचे सलग बारा महिने अर्जदार हिंदुस्थानात राहिलेला असला पाहिजे. चाळीस वर्षे राहिलेला माणूस आईला भेटायला गेला म्हणून पुन्हा शून्यापासून मोजायचा. तेव्हा आम्ही वर्ष पुरे होण्याची वाट पाहू लागलो.

मधल्या काळात वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागली, की या इसमास नागरिकत्व देण्यास कुणाची हरकत असल्यास कळवावे. ती मी बेकरीच्या ओट्यावर मोठ्याने वाचून दाखवली. हौसाबाई म्हणाल्या, "हरकत हाय की. संक्रांतीला माझा टोस्ट करपवला. लिवा." चारित्र्याच्या दोन दाखल्यांतला एक माझा, एक सरपंचांचा. शेठचा पासपोर्ट तेवढा मुंबईला, त्यांच्या वकिलातीत, नव्या शिक्क्यासाठी अडकून पडला होता. पण तारखा काय, सगळ्या गावाला पाठ होत्या. शेठ पोळ्याला आले. हलगी वाजली होती.

त्र्याहत्तरचा पोळा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आला, परवाना संपायच्या चार दिवस आधी. मला ते दैवाने जुळवून आणल्यासारखे वाटले; एरवी माझा दैवावर विश्वास नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी फॉर्म घेऊन बेकरीत गेलो. "चला, शेठ. उद्या पोळा. गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही मुंबईत उतरलात. वर्ष झालं."

शेठ भट्टीच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी मला आत बोलावले. भट्टीशेजारची भिंत काजळीने काळी झाली होती आणि तिच्यावर माझ्याच खडूने पांढऱ्या रेघांचे गठ्ठे ओढलेले होते.

"आमच्यात म्हयन्याच्या हर दिवसाला नाव असतं, मास्तर," ते म्हणाले. "तीस नावं. नाव असलेला दिवस हरवत न्हाई. ही तीस नावं बारा येळा, आन् वर पाच दिवस देवाचे. म्हंजी वर्स. मी बोटीतनं उतरलो तवापास्नं वढतोय. हे बगा, अकरा गठ्ठे पुरे. बाराव्यात चोवीस. सहा हितं कमी हायेत, आन् वरचे पाच. अकरा दिवस अजून."

मी हसलो. किसन आणि ओट्यावरची दोघे-तिघेही हसली, म्हणून मी जरा जास्तच हसलो. "शेठ, ते तुमचं इराणी वर्ष. सरकारला त्याच्याशी काय करायचंय? पोळा ते पोळा वर्ष, हे शेंबडं पोर सांगेल."

त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग हात पुसले. "व्हय. भट्टीचं मला इचारा. बाकीचं तुमी बगा."

हे त्यांचे नेहमीचे वाक्य. ते सही करताना उजवीकडून डावीकडे करत, तशी केली. फॉर्ममध्ये हिंदुस्थानात आल्याची इंग्रजी तारीख मागितली होती. यंदाच्या कॅलेंडरवर पोळ्याच्या आदल्या दिवशी जी तारीख होती, तीच मी गेल्या सालासाठी लिहिली. त्यांच्या जुन्या परवान्यावर नगरच्या कचेरीचा सप्टेंबरच्या मध्यावरचा शिक्का माझ्या डोळ्यांसमोर होता. मला वाटले, प्रवासाचा शीण काढून मग गेले असतील नगरला. शंका घेणे हा माझा स्वभाव आहे असे मी समजतो, पण ती स्वतःवर घ्यायची सवय मला नव्हती.

आठवीच्या वर्गाला मी दर वर्षी शिकवीत असे, की चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून आपले सण इंग्रजी तारखांच्या मानाने मागे सरकतात आणि अधिक महिना घालून ते पुन्हा ओढून घ्यावे लागतात. हा प्रश्न परीक्षेत चार गुणांना असे.

त्या दिवशी दुपारी आम्ही अर्ज नगरला दाखल केला. परत येताना शेठनी माझ्यासाठी स्टेशनवर चहा घेतला. "आता मी निम्मा हितला झालो का, मास्तर?" त्यांनी विचारले. मी म्हटले, पाऊण.

चौकशीचे बोलावणे दिवाळीच्या तोंडावर आले. शेठ, मी आणि शिंदे हवालदार, तिघे पहाटेच्या गाडीने गेलो. अधिकारी तरुण होते, सभ्य होते. त्यांच्यासमोर अर्ज होता आणि मुंबईहून आलेला पासपोर्ट होता.

"मराठी समजतं?" त्यांनी शेठना विचारले.

"समजतं की, साहेब. तुमी बोला, मी सावकाश ऐकतो."

साहेब किंचित हसले. मग त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि हसणे थांबले. पासपोर्टावर मुंबईत उतरल्याचा शिक्का सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातला होता. अर्जातली तारीख ऑगस्टअखेरची. त्यांनी टेबलावरचे कॅलेंडर घेऊन बोट फिरवत मोजले.

"अकरा दिवस कमी आहेत," ते म्हणाले. "ते एक वेळ राहू द्या. पण मुदत भरावी म्हणून तारीख मागे घेतलेली दिसते. ही खोटी माहिती होते. अर्ज कुणी लिहिला?"

मी चष्मा काढून पुसू लागलो. तेवढ्यात शेठ बोलले.

"लिवला मास्तरांनी, साहेब. मी सांगितला तसा."

"तारीख?"

"मीच सांगितली. चुकली. वय झालं."

ज्या माणसाने वर्षातल्या एकूण एक दिवसाला भिंतीवर जागा दिली होती, तो म्हणाला, चुकली. मी त्यांच्या डाव्या हाताला बसलो होतो. एवढेच म्हणायचे होते, की साहेब, यांचा हिशेब बरोबर होता, तो मी खोडला. त्या महिन्यात हेडमास्तरांच्या जागेसाठी माझे नाव वर गेले होते. पुढ्यातल्या दाखल्यावर 'मी यांस प्रत्यक्ष ओळखतो' याखाली माझी सही होती. मी टेबलाच्या कडेकडे पाहत राहिलो. तिथे शाईचा एक डाग होता, तो मला अजून दिसतो.

साहेब शिंद्यांकडे वळले. "चौकीत यांच्या जाण्यायेण्याची नोंद असेल ना? कधी गेले, कधी आले?"

"नोंद..." शिंदे म्हणाले. "न्हाई, साहेब."

"परदेशी इसम पाच महिने बाहेर जातो आणि नोंद नाही?"

"त्ये सांगून गेल्ते, साहेब. दर टायमाला सांगतात. लिवून आमीच घेतलं न्हाई."

शिंदे खाली पाहत होते, चौकीत वर्तमानपत्राकडे पाहत तसे. फक्त या वेळी हातात वर्तमानपत्र नव्हते. बाहेर पडताना तिथला कारकून मला हळूच म्हणाला, "अहो, पंधरा दिवसांची मुदतवाढ मागायची होती. हसत दिली असती."

परतीच्या गाडीत विसापूर मागे पडले. मग मीच म्हटले, "शेठ, तुम्ही असं का सांगितलंत?"

"दोगं बुडून काय उपेग?" ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "येक वर ऱ्हायला तर लिवायला तर हुईल."

काष्टीला उतरल्यावर ते शिंद्यांकडे वळले आणि टोपी काढून म्हणाले, "आलो, साहेब." शिंदे त्यांच्या शेजारीच होते, त्याच गाडीतून उतरले होते.

त्या दिवाळीला ओट्यावर बायकांची नेहमीसारखी गर्दी झाली. शेठनी पत्र्यांवर विहिरी काढल्या, कुलपे काढली, चष्मा काढला. हौसाबाईंनी त्या वर्षी अस्सल तूप आणले होते. शेठनी वास घेतला आणि पहिल्यांदाच काही बोलले नाहीत. त्यावरून हौसाबाईंना काय ते कळले, आणि त्या ओट्यावर बसून पदराने डोळे पुसू लागल्या.

डिसेंबरात निकाल आला. अर्ज नामंजूर. परवाना पुढे चालू ठेवण्याचे कारण दिसत नाही, तरी जानेवारीअखेर देश सोडावा.

मी पुन्हा कायद्याचे पुस्तक उघडले. त्यात एक सवलत सापडली. ज्याने विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, जागतिक शांतता किंवा मानवी प्रगती यांची विशेष सेवा केली असेल, त्याला या अटी माफ करण्याचा दिल्लीला अधिकार होता. दोन दिवस बसून मी सात पानी निवेदन लिहिले. जन्मभर ज्या भाषेची मी टिंगल केली ती सगळी त्यात उतरली. त्यात शेठ दुष्काळग्रस्तांचे अन्नदाते होते, सामाजिक समतेचे अग्रदूत होते, दोन प्राचीन संस्कृतींचा सेतू होते. बेकरीत जाऊन मी ते वाचून दाखवले.

शेठनी शेवटपर्यंत ऐकले. "ह्यो मानूस कोन हाय?"

"तुम्हीच."

"भेटला तर त्याला जरूर नागरिक करा. बरा दिसतोय." मग कागद हळूच माझ्याकडे सरकवला. "मास्तर, येकदा तुमी लिवलं, मी सही केली. आता मी पाव करतो एवढंच लिवा. तेवढ्यावर देत असले तर देतील."

त्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपे गेले असते.

त्या सवलतीत पाव बसत नव्हता. तरी आम्ही एक कागद पाठवला. तो हौसाबाईंनी सांगितला आणि मी लिहिला, एक शब्दही न बदलता: 'आम्ही खाली अंगठे देणाऱ्या बाया. खोदारामशेठ तीस वर्षं आमच्या नानकटाया भाजतात. कुणाची कुणाला गेली न्हाई. त्यांना ऱ्हाऊ द्यावं.' माझ्या हातून या प्रकरणात लिहिला गेलेला खरा कागद तेवढाच. त्याची पोच आली. उत्तर आले नाही.

संक्रांत झाली आणि शेठ निघाले. भट्टी किसनच्या नावावर करून दिली. त्याला फक्त एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली, की खुणा बदलू नको, बायांचा गोंधळ हुईल. सरपंचांना निरोप समारंभ करायचा होता. शेठ म्हणाले, "हार नको. मागचा बैलाचा हार घातला, त्यो लई जड गेला."

तरी निम्मा गाव मागून चालत होता. किसनच्या डोक्यावर ट्रंक. स्टेशनकडे वळायच्या आधी शेठ चौकीच्या पायरीशी थांबले. टोपी काढली. आत शिंदे होते. टेबलावर वर्तमानपत्र नव्हते. नोंदवही उघडी होती आणि शिंद्यांच्या हातात टाक होता. ते खुर्चीवरून उठून उभे राहिले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी शेठच्या तोंडाकडे नीट पाहिले असावे.

"बोला, शेट," ते म्हणाले. "कुठं चालला?"

"मुंबईला, साहेब. तिथनं फुडं बोटीनं."

शिंद्यांनी लिहिले. त्यांचा हात सावकाश चालत होता. "परत कदी?"

आम्ही सगळे मागे उभे होतो. शेठनी टोपी एकदा फिरवली.

"साडेचारच्या गाडीनं," ते म्हणाले.

शिंद्यांनी तेही लिहिले.

यझदहून त्यांची दोन पत्रे आली, कुणाकडून तरी इंग्रजीत लिहवून घेतलेली. एकात किसनला विचारले होते, की भट्टीची उजवी बाजू अजून धूर सोडते का. दुसऱ्यात लिहिले होते, की इथला पाव चांगला असतो, पण तो सगळेच खातात, त्यामुळे आजारी कोण ते कळत नाही. दोन वर्षांनी तिसरे पत्र आले, ते त्यांच्या भाच्याचे. मामा गेले, आणि ज्या दिवशी गेले त्या दिवसाचे नाव त्याने लिहिले होते. तारीख लिहिली नव्हती.

मी तोपर्यंत हेडमास्तर झालो होतो. पत्र घेऊन चौकीत गेलो. शिंद्यांना निवृत्तीला थोडे महिने राहिले होते. मी सांगितले तसे ते उठले, कपाटातून जुनी नोंदवही काढली, पान काढले आणि माझ्यापुढे धरले. खोदाराम, राहणार काष्टी. मुंबई व पुढे. परत साडेचारच्या गाडीने. शेजारचा, परत आल्याचा रकाना कोरा होता.

"आता इथं काहीतरी लिहावं लागेल," मी म्हटले. "मयत, किंवा तसं काही. नाहीतर नोंद उघडी राहील."

शिंद्यांनी वही मिटली आणि कपाटात ठेवली.

"गाडी लेट हाय, मास्तर," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या."